पिंकी बामुगडेचा नंबर

वीस वर्षं पेणच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या लतिकाबाईंना पिंकी बामुगडेच्या चार गुणांनी पार चक्रावून सोडलं होतं.

जिल्ह्यात यंदा पहिल्यांदाच मुलींची बास्केटबॉल लीग भरत होती. आठ संघ, आणि कॉलेजांतल्या मुलींची एक लांबलचक यादी. ड्राफ्टच्या दिवशी संघांनी आळीपाळीने त्या यादीतून एकेक मुलगी उचलायची. चिठ्ठ्यांत पेणला तिसरा नंबर लागला. दुसरी फेरी उलटी फिरणार होती, म्हणून नंतरचा नंबर थेट चौदावा. संघाचे प्रशिक्षक गोपाळसर, आणि एके काळी विद्यापीठाकडून खेळलेल्या लतिकाबाई त्यांच्या सल्लागार.

गोपाळसरांचं ठरलेलं होतं. पनवेलची अनन्या. उंच, सामन्यामागे बावीस गुण.

"डोळे मिटून घ्यायची," ते म्हणाले.

घेतलीही असती. पण जानेवारीत लतिकाबाई सहज म्हणून रोह्याला एक सामना बघायला गेल्या आणि घोळ झाला. नदीपलीकडे अष्टमीतलं छोटंसं कॉलेज, सिमेंटचं मैदान, बघायला पंचवीस-तीस माणसं. त्या कॉलेजकडून पिंकी खेळत होती. भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातली, बांध्याने आडवी, उंचीने बेताची. चेंडू हातात आला की लगेच दुसरीला देऊन मोकळी. सगळ्या सामन्यात तिचे गुण चार. लतिकाबाईंना आकडे मांडायची खोड, म्हणून त्यांनी वहीत टिपलं : पिंकी मैदानात असताना तिचा संघ अकराने पुढे. मध्ये ती आठ मिनिटं बाहेर बसली, तेवढ्यात चौदाने मागे. सामना तीन गुणांनी गेला.

"योगायोग," पेणला परतल्यावर वही बघून गोपाळसर म्हणाले. "समोरचा संघ कसा होता?"

"बरा होता."

"बरा म्हणजे?"

ते ठरवायला पंधरा दिवसांनी लतिकाबाई पुन्हा रोह्याच्या गाडीत बसल्या. या खेपेला पिंकी पूर्ण वेळ खेळली आणि संघ एकोणीस गुणांनी आपटला. बाईंची वही आणि डोकं, दोन्हींचा काला झाला. सामना संपल्यावर नळावर तोंड धुणाऱ्या पिंकीला त्यांनी गाठलं.

"आज काय झालं गो?"

पिंकीने गळ्यावर हात ठेवला. आवाज फाटक्या कापडासारखा आला. "घसा बसलाय ताई. वालावर माकडं येतात. दोन दिवस हाकलतेय त्यांना."

"घशाचा आणि खेळाचा काय संबंध?"

"मी दुसरं काय करतच नाय. नुसती वरडते. कोणाच्या पाठीमागून कोण आली, कोणी कुठं सरकायचं. आज कोणाला काय ऐकूच गेलं नाय."

परतीच्या गाडीत बाईंनी हे पुष्कळदा उलटसुलट करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पेणच्या रामवाडीतल्या चहाच्या टपरीवर त्यांनी ते गोपाळसरांपुढे ठेवलं. सरांनी चहा बशीत ओतला.

"म्हणजे आपण आवाज निवडायचा?"

"तसंच काहीतरी."

"आणि संघातल्या बाकीच्या मुली हिचं ऐकून इकडेतिकडे सरकणार? ती आज आली, उद्या हुकूम सोडायला लागली, चालेल त्यांना?"

"तेच मला कळत नाही."

"मग तिसऱ्या नंबरला घ्यायची का?"

"छे हो."

"चौदाव्याला?"

"तोवर राहील ना ती?"

"यादीत शेवटून तिसऱ्या पानावर नाव आहे तिचं. तिला ओळखतं कोण? तिसाव्यापर्यंत राहील."

सर बोलले ते खरं होतं, आणि तरी बाईंचं समाधान होईना. पोरगी खरोखर तेवढी चांगली असेल तर तिसऱ्यालाच घ्यायला हवी. नसेल, तर चौदाव्याला तरी का घ्यायची? दोन सामने, आणि त्यातला एक घशाने खाल्लेला. एवढ्यावर वर्गातल्या एखाद्या पोराने उत्तर काढलं असतं तर त्यांनी लाल रेघ मारली असती.

ड्राफ्ट पेणमध्येच एका सभागृहात झाला. पहिल्या दोन संघांनी दुसऱ्याच मुली उचलल्या, अनन्या शिल्लक राहिली. गोपाळसरांनी कागद बाईंकडे सरकवला. "तुम्ही लिहा. मी काही बोलणार नाही." बाईंनी क्षणभर पेन धरून ठेवलं आणि अनन्याचं नाव लिहिलं.

अकराव्या नंबरला अलिबागचे प्रशिक्षक सुजय उठले. "पिंकी बामुगडे. अष्टमी."

सभागृहात पानं उलटल्याचा आवाज झाला. लोक नाव शोधत होते.

चहाच्या वेळी बाईंनी सुजयना गाठलं. "तुम्ही तिचा खेळ कधी बघितलात?"

"मी कुठे बघितलाय, मॅडम. रोह्यातला एक ओळखीचा म्हणाला, पेणच्या बाई दोनदा आल्या, वहीभर लिहून गेल्या. म्हटलं, तुम्ही काही उगाच येणार नाही."

बाईंना स्वतःला जी खात्री नव्हती, ती त्यांच्याकडे बघून दुसऱ्याला झाली होती. आनंद मानावा की कपाळावर हात मारावा, कळेना.

मार्चमध्ये अलिबागचा संघ पेणला खेळायला आला. पूर्वार्धात पिंकी ओरडत होती आणि तिच्या संघातली एकही मुलगी मान वळवत नव्हती. अलिबाग बाराने मागे. उत्तरार्धात एक जण ऐकू लागली, मग दुसरी. फरक कमी कमी होत गेला. शेवटी पेण दोन गुणांनी जिंकलं. अनन्याचे चोवीस, पिंकीचे तीन.

"आता तरी पटलं?" गोपाळसर खुशीत म्हणाले.

"पटलं," बाई म्हणाल्या. नेमकं काय, ते सरांनी विचारलं नाही.

पिंकी घामाने भिजलेली त्यांच्याजवळ आली. "ताई, एवढं येऊन बघितलंत, मग मला घेतलं का नाय?"

खोटं बोलणं बाईंच्या जिवावर आलं. "वाटलं, तू चौदाव्या नंबरापर्यंत राहशील."

पिंकीने जरा विचार केला. "म्हणजे मी चांगली हाय का नाय?"

"माझं अजून ठरत नाही गो."

"माझं पण नाय," पिंकी म्हणाली आणि हसली. "रविवारी अलिबागला सामना हाय. या ना बघायला. घरचं कोण येत नाय."

"येते," लतिकाबाई म्हणाल्या. कशासाठी, ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.