हवानाची राख

साहेबांनी दोन झुरके घेतले, तोंड वाकडं केलं आणि जवळजवळ अख्खा चिरूट संताजीच्या हातातल्या राखदाणीत चिरडून टाकला.

"नकली," ते मानसिंगरावांकडे बघत म्हणाले. "बाजार का माल. असली तुम्हारा आदमी खा गया."

तुम्हारा आदमी म्हणजे संताजी. मानसिंगराव सरदारांच्या धारमधल्या पाहुण्यांच्या बंगल्यावर तो मिसरूड फुटल्यापासून राबत होता. चांदीची ताटं, अत्तरदाण्या, विलायती काचसामान, सगळ्याच्या किल्ल्या त्याच्या कमरेला. आजवर एक चमचा इकडचा तिकडे झाला नव्हता. आणि पूल बांधायला आलेल्या एका गोऱ्या इंजिनियराने, चार दिवसांच्या पाहुण्याने, त्याला भर व्हरांड्यात चोर म्हटलं. बरं, म्हटलं तेही त्याच्याशी न बोलता, त्याच्या डोक्यावरून.

मानसिंगराव हसले. खोटंच हसले, पण हसले. मागे उभ्या असलेल्या मोरोपंतांच्या मनात सगळ्यात जास्त सललं ते हेच.

मोरोपंत सरदारांचे कारभारी. हवाना चिरुटांची ती पेटी त्यांनी स्वतः महूच्या छावणीत जाऊन, पारशाच्या दुकानातून आणली होती. हिरव्या कागदी मोहोरेची, खिळे ठोकलेली लाकडी पेटी. पण दुकानातली पेटी जशीच्या तशी पाहुण्यापुढे ठेवायची बंगल्याची रीत नव्हती. पान असो, सुपारी असो, चिरूट असो, चांदीच्या डब्यात लावूनच पुढे करायचं. संताजीने रीतीप्रमाणे पेटी फोडली, चिरूट डब्यात लावले, आणि तेवढ्यानेच घात झाला. पेटी फोडताना जवळ कुणी नव्हतं.

साहेबांनी कोटातून स्वतःची डबी काढली. तिच्यातल्या चिरुटावर बोटभर रुंद सोनेरी पट्टी होती आणि पट्टीवर मुकुट, सिंह, पदकं, काय काय होतं. संताजीने डब्यात लावलेल्यावर नुसता एक बारीक कागद.

"देखो," साहेब म्हणाले, "इसको हवाना बोलते हैं."

मोरोपंतांनी पाहिलं. त्यांनी जन्मात चिरूट ओढला नव्हता. तपकिरीची मात्र सवय होती, आणि तिने नाकाची धार कधीच गेलेली. सोनेरी पट्टी बघून त्यांच्याही मनात पाल चुकचुकली. पारशाने आपल्याला तर बनवलं नाही?

संध्याकाळी मानसिंगरावांनी त्यांना बोलावून घेतलं.

"पंत, संताजीला सांगा, उद्या-परवा साहेबांचे पाय धर म्हणावं. ते माफ करतील. मी बोललोय."

"माफ कशाबद्दल, सरकार?"

"शब्दांत नका अडकू. पूल आपल्या गावांकडून न्यायचा की पलीकडून, हे त्या माणसाच्या हातात आहे. चिरुटापायी पूल घालवू मी?"

मोरोपंत बाहेर आले तर पायरीशी संताजी उभा. त्याने सगळं ऐकलं होतं.

"पंत, पाय धरायला माझी ना नाही," तो म्हणाला. "साहेबाचे काय, कुणाचेबी धरीन. पण पाय धरले म्हणजे चोरी कबूल झाली ना? सुभद्राचं देवासला जमलंय. साखरपुडा व्हायचाय. ते लोक पूछेंगे, मुलीचा बाप कसला माणूस? मग काय सांगू? चोर आहे, पण माफ केलेला?"

मोरोपंत तडक आत वळले. डब्यातले तीन-चार चिरूट त्यांनी उपरण्याच्या टोकात बांधले आणि पहाटे टांगा जोडायला सांगितला. ती रिकामी लाकडी पेटीही बरोबर घेतली.

महूला पोचेपर्यंत त्यांचा राग चांगलाच कढला होता. दुकानात शिरताच त्यांनी पेटी काउंटरवर आदळली.

"शेटजी, हे असली की नकली?"

म्हाताऱ्या पारशाने चष्मा कपाळावरून खाली ओढला. हिरव्या मोहोरेचा फाटका तुकडा नखाने सरळ केला, पेटीचा तळ पाहिला, मग एक चिरूट कानाशी नेऊन हलकेच दाबला.

"असली."

"तुम्ही विकलेत, तुम्ही असली म्हणणारच!"

पारशी रागावला नाही. आत जाऊन त्याने दुसऱ्याच जातीचे दोन चिरूट आणले. त्यांवर साहेबांच्या चिरुटासारखीच भपकेबाज सोनेरी पट्टी होती. मुंबईहून कुणी गळ्यात मारलेला माल, तो म्हणाला. विकत नाही, गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवलाय. मग त्याने चाकूने दोन्हींतला एकेक चिरूट उभा चिरला. मोरोपंतांनी आणलेल्यात पानं या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होती, पोथीच्या पानांसारखी एकावर एक निजलेली. सोनेरी पट्टीवाल्यातून भुगा सांडला. देठं, चुरा, आणि मोरोपंतांना तर त्यात एक काडीही दिसली.

"पण प्रत्येक चिरूट चिरून कसा बघणार?"

"चिरना क्यूँ? जलाओ." पारशाने दोन्ही जातींचे दोन साबूत चिरूट पेटवले, एकेक करून ओढले आणि काउंटरच्या कडेला ठेवले. "पंतजी, पट्टी तो कोई बी छाप ले. राख कोन छापेगा?"

भुग्याच्या चिरुटाची राख लागलीच ढासळली. दुसऱ्याची पांढुरकी राख चिरुटाचाच आकार धरून तशीच राहिली, वाढत राहिली. मोरोपंत उभ्याउभ्या बघत राहिले. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांचे कान तापले. साहेबांच्या कोटावर कायम राखेचे डाग असतात. संताजी रोज ते ब्रशने झाडतो.

म्हणजे खोटा माल ओढून ओढून त्या माणसाची जीभच खोट्याला सरावली होती. खरं तोंडात पडलं ते त्याला कडू लागलं, आणि शिक्षा कुणाला? संताजीला!

"ओढायचा कसा?" त्यांनी विचारलं.

पारशाने त्यांच्या कपाळावरच्या गंधाकडे पाहिलं. "आप?"

"सांगा तर खरं."

"धुआँ पीना नहीं. मुँह में लेना, छोड देना. जल्दी नहीं करना."

घरी आल्यावर त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाईंनी त्यांना दारातच अडवलं. कपड्यांना धुराचा वास येत होता. परसात दोन घागरी डोक्यावर ओतून घेतल्यावरच त्यांना पाट मिळाला.

"जे आपल्या तोंडाला लागायचं नाही," वाढता वाढता त्या म्हणाल्या, "त्याची एवढी पारख कशाला करायची म्हणते मी?"

मोरोपंत खाली मान घालून जेवले.

दुसऱ्या दिवशी न्याहारी आटोपली आणि साहेब व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत रेलले. मानसिंगराव शेजारी बसले. साहेबांनी आपला सोनेरी पट्टीचा चिरूट शिलगावला. राखदाणी घेऊन संताजी उभा राहिला. चेहरा उतरलेला, पण फेटा नेहमीसारखाच ताठ. मानसिंगरावांनी मोरोपंतांना डोळ्याने खुणावलं. आता होऊन जाऊ द्या.

संताजीने राखदाणी दोन्ही हातांत घट्ट धरली. वाकण्यासाठी ती कुठे ठेवावी, हे त्याला उमजेना.

"थांब," मोरोपंत म्हणाले.

ते पुढे झाले. चांदीच्या डब्यातून त्यांनी एक चिरूट उचलला, पारशाने दाखवलं होतं तसं टोक कापलं आणि साहेबांच्या शेजारची आगपेटी घेतली. विचारलं नाही. मग कपाळावर गंध, खांद्यावर उपरणं, अशा त्या माणसाने चिरूट तोंडात धरून काडी लावली.

"पंत!" मानसिंगराव अर्धे उठले. सरदारासमोर कारभाऱ्याने विडीसुद्धा ओढू नये, आणि हा तर ब्राह्मण. गावात काय बोलतील, घरात काय होईल, याचा मोरोपंतांनी रात्रभर विचार केला होता. संतापापुढे तो टिकला नव्हता.

पहिल्याच झुरक्याला ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. साहेब खदखदून हसले.

"शाबाश, पंडित! कैसा लगा नकली माल?"

मोरोपंतांनी डोळे पुसले आणि पुन्हा झुरका घेतला. तोंडात धूर घ्यायचा, सोडायचा, घाई करायची नाही. साहेबांना गंमत वाटली. ते पुलाबद्दल बोलू लागले, दगड कुठला, चुना कुठला, आणि बोलता बोलता हात हवेत फिरवू लागले. त्यांच्या चिरुटाची राख आधी गुडघ्यावर पडली. त्यांनी ती झटकली. पुन्हा कोटावर पडली. पुन्हा झटकली.

मोरोपंतांच्या चिरुटावर राख वाढत होती. पांढरी, गोल, बिनचिरेची. झुरक्यागणिक हात वर-खाली होत होता तरी ती जागची हलली नाही.

मानसिंगरावांनी आधी ती पाहिली, मग साहेबांच्या कोटाकडे पाहिलं, आणि मग ते जमिनीकडे बघायला लागले. साहेबांचं बोलणं मध्येच तुटलं. त्यांनी आपल्या हातातल्या चिरुटाचं टोक जवळ नेऊन पाहिलं. ते काळंकुट्ट, उखडलेलं होतं. त्यांनी मोरोपंतांकडे पाहिलं आणि चिरुटाचा हात खुर्चीआड खाली सोडला. माफीचं नावही कुणी काढलं नाही.

संताजी सवयीने साहेबांच्या खुर्चीकडे वळला. अर्ध्यात थांबला. त्याने एकदा सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं, पाठ सरळ केली आणि चार पावलं चालून राखदाणी मोरोपंतांपुढे धरली.

मोरोपंतांचे डोळे धुराने लाल झाले होते.

"राहू दे, संताजी," ते म्हणाले. "अजून पडायची नाही."