अंजीर-मनुकांची बरणी

मित्रांनो, गुलाबाच्या कुपीला सगळे ओळखतात. मला कोण ओळखणार? मी काचेची एक जुनी बरणी आहे. तळवड्याच्या एका गाळ्यात ज्ञानदेव अत्तरं बनवायचे. तिथल्या मागच्या फळीवर माझी जागा.

माझ्या पोटात सुके अंजीर, खजूर आणि काळ्या मनुका स्पिरिटमध्ये मुरत पडायच्या. त्यांचा दाट, गोडसर अर्क ज्ञानदेव गुलाबात मिसळायचे. मला ते कधी पूर्ण रिकामी करत नसत. तळाचा जुना अर्क विरजणासारखा ठेवायचा आणि वर नवी फळं घालायची, ही त्यांची रीत.

निगडीचे जुने गिऱ्हाईक साहेबराव मनगटावरचं अत्तर हुंगून म्हणायचे, "वा राव! गुलाब असावा तर असा!"

मी जळून जायचे. वासातली ऊब माझी आणि नाव गुलाबाचं! ज्ञानदेव मात्र घरी जाताना स्वेटरच्या बाहीने माझं ओलं झाकण पुसायचे. तेवढ्यावर मी समाधान मानायचे.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्यांची मुलगी तनुजा गाळा आवरायला येऊ लागली. सोबत पिशवीत तो स्वेटर. ती गाठ सोडायची, लोकरीत नाक खुपसायची आणि पुन्हा गाठ घट्ट मारायची. मी गुलाबाला विसरले. आता त्या स्वेटरचा हेवा वाटू लागला. तो वास तर माझा होता!

एका दुपारी ती बराच वेळ हुंगत राहिली.

"इंदुताई, अप्पांचा वास येतच नाही हो आता."

गाळ्यात कुप्या भरणाऱ्या इंदुताईंनी फडकं झटकलं. "पोरी, हात चालव बघू. ती बरणी दे, घासते. लोणच्याला झ्याक हाय."

लोणच्याला! माझ्या तळाशी विरजण होतं, पण ते सांगणार कोण?

"राहू द्या, मी धुते." तनुजाने नळ सोडला, माझं झाकण काढलं आणि तशीच उभी राहिली. पाणी वाहत होतं. इंदुताईंनी येऊन नळ बंद केला.

"काय झालं गं?"

तनुजाने मला त्यांच्या नाकाशी धरलं. इंदुताईंनी पदर तोंडाला लावला. "व्हय गं. ज्ञानदेवदादाच हायेत."

दुसऱ्या दिवशी तनुजा नव्या मनुका घेऊन आली. त्या घालून झाल्यावर तिने स्वेटरच्या बाहीने माझं झाकण पुसलं.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची भांडी धुवायची घाई करू नका. आधी झाकण उघडून पाहा. आणि तो स्वेटर? तिच्या कुशीत तोच असतो. मी अजून जळते. पण तिला वास हवा झाला, की त्याची बाही माझ्याकडेच येते.