तुळशीवर पडलेला उजेड

मी आत्मारामच्या फ्लॅशखालचा डोळा बोलतोय. काडेपेटीएवढा आहे, काळा आहे आणि खरं सांगायचं तर स्वभावाने थोडा भोचक आहे. माझी मूळ जात 'स्लेव्ह', म्हणजे गुलाम. पण आत्माराम मला डोळाच म्हणतो, आणि मलाही तेच आवडतं.

माझं काम एकच. लांब कुठे कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उडाला की तो मला दिसतो, आणि त्याच क्षणी मी माझ्या डोक्यावरचा दुसरा फ्लॅश उडवतो. मध्ये वायर नाही, दोरी नाही. एरवी मला काही म्हणजे काही दिसत नाही; जे कळतं ते माणसांच्या बोलण्यातून. फ्लॅश उडतो तेवढाच वेळ माझा डोळा उघडा. मात्र त्यात एक गंमत आहे. डोळा ठेवायचा कॅमेऱ्याकडे आणि उजेड पाडायचा भलतीकडे. त्यामुळे मी ज्यांना उजेडात आणलं, त्यांच्यातलं एकही तोंड मी पाहिलेलं नाही.

मी जन्मलो जपानात. भागोजी हा बोटीवर नोकरी करणारा मिऱ्या गावचा माणूस. त्याने मला कोबेच्या बाजारात उचललं आणि लोकरी मोज्यात गुंडाळून रत्नागिरीत आणलं. रामआळीत त्याच्या मित्राचा, आत्मारामचा, फोटो स्टुडिओ होता. वायरीशिवाय फ्लॅश उडतो हे बघून आत्माराम लहान पोरासारखा खिदळला. दिवसभर त्याने मला फळीवर, माठामागे, खिडकीत ठेवून उडवून पाहिलं.

ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. भागोजीच्या मुलीचं, राहीचं, लग्न वैशाखात ठरलं आणि नेमकं त्याला बोटीचं बोलावणं आलं. जायच्या आदल्या दिवशी तो स्टुडिओत येऊन बसला.

"आत्माराम, मी काय लग्नाला नसणार. अक्षता पडतील तवा राही नि तिची आयस, दोघी एका फोटूत दिसल्या पायजेत. येवढा माजा काम कर."

"अरे, पण मुलीची आयस मंडपात कुठं असते तवा?"

"म्हणून तर तुला सांगतंय."

मला नवल वाटलं. मग कळलं, की इकडे मुलीच्या आईने मुलीचं लग्न लागताना बघायचं नसतं. मंगलाष्टकं चालू असताना तिने तुळशीला पाणी घालत उभं राहायचं, मंडपाकडे पाठ करून. वर्षानुवर्षं जिला वाढवलं तिचंच लग्न बघायचं नाही! माणसं असे नियम कशाला करतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

आत्मारामने डोकं लढवलं. भागोजीच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, मंडप आणि खळ्याच्या टोकाला, मंडपाबाहेर, तुळस. त्याने मला फ्लॅशसकट शेवटच्या खांबाला बांधलं. फ्लॅशचं तोंड तुळशीकडे, माझा डोळा कॅमेऱ्याकडे. पुढे नवरानवरी, मागे पाठमोरी का होईना पण राहीची आई कमळा. सगळं एका फोटोत.

मुहूर्त गोरजाचा होता. तुळशीपाशी अंधारून आलं होतं. सगळं जमलं असतं, पण मुंबईहून कमळाचा भाचा बाळा आला होता, नवाकोरा कॅमेरा गळ्यात घालून. त्याने फ्लॅश मारला की मी इमानदारीने उडायचो. मला काय, उजेड कुणाचाही असो! आणि एकदा उडालो की फ्लॅश पुन्हा भरायला दहा सेकंद लागायची.

"बाळा, अक्षता पडस्तवर बटणाला हात लावशील तर बघ!" आत्मारामने त्याला दटावलं.

पण त्याचे हात शिवशिवत होते. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट सरकला, आणि बाळाने बटण दाबलं. मी उडालो. पाठोपाठ आत्मारामने दाबलं, तेव्हा मी रिकामा होतो.

आत्मारामने कपाळावर हात मारून घेतला. मुहूर्त काय पुन्हा लावता येतो? रोल धुतला तेव्हा त्याच्या फोटोत राहीमागे नुसता काळोख होता. भागोजीला आता काय तोंड दाखवू, म्हणत तो दोन दिवस नीट जेवला नाही. मलाही फार वाईट वाटलं.

मुंबईला परतताना बाळा आपला रोल धुवायला टाकून गेला होता. तिसऱ्या दिवशी आत्मारामने तो धुतला. एक फोटो रसायनात वर येऊ लागला. आत्माराम पुटपुटला, "वयनी वळलीवती!"

नवऱ्याचं अर्धं डोकं कापलं गेलं होतं. पण राही पूर्ण होती, आणि मागे तुळशीपाशी कमळा, हातात तांब्या, मान वळवून लेकीकडे बघणारी. माझ्या उजेडात.

दुसऱ्या दिवशी कमळा आली. आत्मारामने फोटो तिच्या हातात दिला.

"भावजी, ह्यो कुणाला दावलात?"

"कुणाला नाय, वयनी."

"दावू नका. पोरीला उद्या काय झाला तर लोकं माज्या नावानं बोटं मोडतील. माला ऱ्हावलाच नाय. येकदाच वळली हो." मग तिने नाक ओढलं. "पन त्यांना धाडा. त्यांच्यापासून काय लपवायचा?"

फोटो भागोजीच्या बोटीच्या पत्त्यावर गेला. पुढल्या वर्षी भागोजी सुट्टीवर आला तेव्हा फोटो त्याच्या खिशातच होता, प्लॅस्टिकमध्ये घातलेला.

"राहीला मुलगा झाला. दोघांची तब्येत झकास हाय," तो म्हणाला. "तिच्या आयशीनं वळून बगलान, म्हणून माला पन लगीन बगल्यासारका वाटला."

फोटो टेबलावर ठेवलेला होता, माझ्या अगदी समोर. दोघं मित्र बघत होते. मला मात्र काळोखच दिसत होता.

आता एकोणनव्वद साल आहे. माझा फ्लॅश कधीच जळाला. मी खणात पडून असतो, जुन्या सेलांच्या सोबतीला. डोळ्याची काच पिवळी पडली आहे, पण नजर गेली असेल असं वाटत नाही. भागोजी अजून सुट्टीवर आला की स्टुडिओत येतो. कुणीतरी त्याला माझं एवढं मागणं सांगा. तो फोटो माझ्यासमोर धरायचा आणि शेजारून एक फ्लॅश मारायचा. कमळालाही एकदाच वळून बघायचं होतं. मलाही एकदाच बघायचंय.