थांबाबाईंची मुलगी

"थांबा," ती म्हणाली, आणि वाळूच्या टेकाडावर वेल ओढणारे हात थबकले.

मुकादम वळले. "काय झालं ताई?"

"ही बेशरम आहे, हे कुणी सांगितलं?"

"नगरपालिकेच्या पत्रकात फोटो आहे ना. परकी झाडं उपटा, हुकूम आहे." त्यांनी मोबाइल पुढे धरला. "आणि हे बघा, जिकडेतिकडे हाच फोटो. सगळेच खोटं बोलतात होय?"

जांभळट, कर्ण्यासारखं फूल. खाली नाव, बेशरम. वेलीवरचं फूल हुबेहूब तसंच होतं. पण आई म्हणायची, एकच गोष्ट दहा जणांनी सांगितली म्हणजे दहा साक्षीदार झाले नाहीत. एक बोलला, बाकीच्यांनी री ओढली.

आई नगरपालिकेच्या चौकशीच्या खिडकीवर बसायची. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. "थांबा, बघून सांगते." रांग वैतागायची. गावानं नावच पाडलं, थांबाबाई. ती गेल्या महिन्यात गेली, आणि खिडकीवर आता भराभर उत्तरं मिळतात.

"थांबाबाईंची मुलगी का तू?" मुकादम हसले. "वाटलंच. ट्रॅक्टर जेवणानंतर येतोय. तोवर थांबतो, पुढे माझ्या हातात नाही."

टेकाडामागेच घरांची रांग होती. त्यात आईचंही. ही वेल सुटली की वाळू सुटणार, आणि मग समुद्राला आडकाठी कुणाची?

ती वेलीचा तुकडा घेऊन कॉलेजात पोचली. वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी कपाटातून वाळवून चिकटवलेले दोन नमुने काढले.

"फूल फसवतं. पान बघ."

एकाचं पान लांबट, टोकदार. दुसऱ्याचं टोकाशी दुभंगलेलं, गुराच्या खुरासारखं. तिच्या हातातलंही तसंच.

"बेशरम परकी, चिखलात उभी वाढते. ही आपली मर्यादवेल. समुद्राला मर्यादा घालते ती." बाईंनी चपला घातल्या. "मर्यादेलाच बेशरम ठरवलं म्हणजे कमाल झाली. चल, मीही येते."

त्या पोचल्या तेव्हा ट्रॅक्टर घरघरत उभा होता. तिनं पान मुकादमांच्या तळहातावर ठेवलं आणि बाईंनी दोन्ही नमुने समोर धरले. मुकादमांनी पान उलटंपालटं केलं, मग मोबाइलमधला फोटो मोठा केला.

"अरे, यात पानच नाही की!"

बाजूची माणसं हसली. मुकादमही हसले. "बेशरम कोण ते आता कुणी विचारू नका. बंद कर रे गाडी. साहेबांना मी सांगतो. उपटलेलं सगळं परत वाळूत दाबा."

"पेऱ्यापेऱ्याला मुळं फुटतात तिला," बाई म्हणाल्या. "लागेल."

टेकाड वाचलं. माणसं पलीकडे खाडीच्या चिखलाकडे उतरली. तिथं तेच फूल उंच झुडपांवर डुलत होतं.

"मुकादम, ही तरी उपटायची ना?" एका गड्यानं विचारलं.

मुकादम पानाशी वाकले होते. "थांब," ते म्हणाले, "बघून सांगतो."

टेकाडावर तिला ते ऐकू आलं. तिनं हातातला वेलीचा तुकडा वाळूत खोचला आणि त्यावर तळवा बराच वेळ दाबून धरला.