पूजा झालेलं पेडल

सन एकोणऐंशीच्या खंडेनवमीला सयाजीराव इंगवल्यांच्या ऑर्केस्ट्राची सगळी वाद्यं त्यांच्या माडीवर सतरंजीवर मांडली गेली. ॲकॉर्डियन, ढोलकी, बोंगो, गिटार, माईक, ॲम्प्लिफायर आणि पुढच्या रांगेत गिटारवाल्या कृष्णातचं वाव-वाव पेडल. हा एक चपलेएवढा लोखंडी डबा. गिटारची वायर त्यात घालायची, वर पाय ठेवून पुढं-मागं दाबायचं, की गिटार हट्टी पोरासारखी वाँव-वाँव करायला लागते. कृष्णातच्या मेहुण्यानं तो मुंबईच्या गोदीतून आणला होता. कसा आणला, हे मेहुण्याला कुणी विचारलं नव्हतं. कोल्हापुरात असलं दुसरं पेडल नव्हतं, आणि असावं अशी कुणाची मागणीही नव्हती.

पूजा सयाजीरावांच्या आईनं, म्हणजे आक्कानं केली. आक्काला अर्धवट काम खपत नसे. हळद, कुंकू, झेंडू आणि नारळाच्या पाण्याचा शिंतोडा सगळ्यांना सारखा. शेवटी तांब्यात थोडं पाणी उरलं. ते वाया कशाला घालवायचं म्हणून तिनं जवळच्या वाद्यावर ओतलं. जवळ पेडल होतं.

दसऱ्याला गिटार वाँव-वाँव करायच्या ऐवजी शेंगा भाजल्यासारखी तडतडायला लागली.

"कोजागरीला जयसिंगपुरात व्यापाऱ्यांचा कार्यक्रम हाय," सयाजीराव म्हणाले. "तवर तुझं हे बेडूक नीट वरडलं तर दुधाच्या आधीची धून तुझी. न्हाईतर लालासाब वाजवंल ॲकॉर्डियनवर. तू मागनं साथ धर."

"मला काय गडबड न्हाई बाबा," लालासाब म्हणाला. धून त्यानं पेडल बिघडायच्या आधीच बसवली होती.

कृष्णात दिवसभर गुळाच्या अडतीत रव्यांची, म्हणजे ढेपांची, वजनं घ्यायचा. ऑर्केस्ट्रातही तो ढोलकीवाल्याच्या मागं उभा असे, आणि ढोलकीवाला रुंद होता. स्टेजच्या पुढं यायला मिळायचं ते एवढ्या एका धुनेला, तेही या डब्याच्या जिवावर.

तो पेडल घेऊन फक्रुद्दीनच्या रेडिओच्या दुकानात गेला. फक्रुद्दीननं असलं यंत्र जन्मात पाहिलं नव्हतं. पण तसं म्हणायची त्याच्या धंद्यात रीत नव्हती. "मॉडेल जरा वेगळं हाय," तो म्हणाला आणि खालचा पत्रा खोलला. आत हळदीकुंकवाचा चिखल झाला होता.

"पूजा जोरात झालेली दिसती."

"आक्कानं केली."

"मग व्हय."

पत्र्याला आतून एक भिजून लगदा झालेला पुठ्ठा चिकटला होता. तो त्यानं खरवडून टाकला, सगळं स्पिरिटनं पुसलं, उन्हात वाळवलं, पत्रा लावला. आता वाजवून बघायचं. पण वरच्या अंगाला आक्कानं ओढलेलं कुंकवाचं बोट तसंच होतं, आणि फक्रुद्दीनच्या स्वतःच्या मीटरलाही अजून खंडेनवमीचा हार होता.

"पाय नगं लावूस," तो म्हणाला. "आक्काला कळलं तर त्या घरात मला चहा मिळायचा न्हाई."

मग कृष्णातनं गिटार छेडली आणि फक्रुद्दीननं पेडल टेबलावर धरून कणीक मळल्यासारखं दोन्ही हातांनी हलवलं. वाँव. दोघेही खूश.

संध्याकाळी माडीवरच्या तालमीत कृष्णातनं त्यावर पाय ठेवला. गिटार मुकी.

दुसऱ्या दिवशी परत दुकान. हातानं वाँव. परत तालीम. पायानं काही नाही. फक्रुद्दीननं बॅटरी बदलली, वायर बदलली, बटण बदललं. दुकानात पेडल पास व्हायचं आणि माडीवर नापास.

"हातानं वाजतंय न्हवं? मग हातानं वाजव की," सयाजीराव म्हणाले.

"मग गिटार कशानं वाजवू मालक? दातानं?"

"देवी हाय ती," आक्का आतून म्हणाली. "लाथंला कशी बोलंल?"

यावर कुणालाच तांत्रिक हरकत घेता आली नाही. फक्रुद्दीनला तर बॅटरीपेक्षा हे कारण जास्त पटायला लागलं होतं, कारण आतापर्यंतच्या सगळ्या तपासण्यांशी जुळणारं तेवढं एकच होतं.

कोजागरीच्या दुपारी टेम्पो दारात लागला. लालासाब इस्त्रीचा शर्ट घालून आला. फक्रुद्दीन शेवटचा उपाय म्हणून वायरींना कथलाचा डाग द्यायची इस्त्री घेऊन आला होता. कशाला डाग द्यायचा, हे अजून ठरलं नव्हतं.

कृष्णात पेडल घेऊन त्याच्यापुढं बसला. मग म्हणाला, "फकरूभाई, तू ह्येच्यावर येकदा तरी पाय ठेवून बघितलायस का?"

"मी? तोबा. पूजा झालेल्या वस्तूवर?"

"मग बिघडलेलं पेडल तू बघितलंसच कुठं? पाच दिस झालं, तू चांगलंच पेडल दुरुस्त करतोयस!"

फक्रुद्दीननं इस्त्री खाली ठेवली. मग दोघेही आक्काकडं गेले.

"आक्का, माझ्या सायकलीची बी तुम्ही पूजा केलीसा. तिच्यावर पाय ठेवतोच की मी."

"ती सायकल हाय. ह्ये वाद्य हाय." आक्कानं थोडा विचार केला. "नमस्कार कर आन् ठेव. पर हळू."

"हळू न्हाई चालायचं आक्का," फक्रुद्दीन म्हणाला. "नेहमीसारखाच पाय पायजे."

"मग मी बघत न्हाई," आक्का म्हणाली आणि चुलीकडं गेली.

कृष्णातनं नमस्कार केला आणि गुळाची ढेप उचलणाऱ्या माणसाचा भक्कम पाय पेडलवर ठेवला. फक्रुद्दीन जमिनीवर पालथा पडून कडेनं बघत होता.

"दाब. अजून दाब. थांब! वजनानं खालचा पत्रा वाकतोय. आत वायरींना डाग दिलेत त्यांना टेकून शॉर्ट होतंय. म्हणून मुकं होतंय. मधी कायतरी घालायला पायजे..." तो उठून बसला. "मधी पुठ्ठा होता."

"मग कुठं गेला?"

"मी टाकला."

"का?"

"मला वाटलं तुझ्या मेहुण्यानं खोक्याचा तुकडा घातलाय."

आक्कानं चुलीकडूनच उदबत्तीचा रिकामा पुडा टाकला. फक्रुद्दीननं तो कापून पत्र्याला आतून बसवला. पाय. वाँव. लालासाबनं शर्टाची बाही उगाच झटकली आणि टेम्पोत पुढची जागा धरली.

जयसिंगपुरात मसाला दुधाच्या आधी धून लागली. कृष्णात पुढं आला, वाकून पेडलला नमस्कार केला. तो आपल्याला आहे असं समजून पहिल्या रांगेतल्या व्यापाऱ्यांनी परत नमस्कार केला. मग त्यानं पाय ठेवला. गिटार रडली, रुसली, ओरडली, आणि एकदाही मुकी झाली नाही.

धून संपता संपता व्यापारी मंडळाचे सेक्रेटरी स्टेजच्या बाजूनं धावत आले.

"ओ पावणं, स्पीकर बिघडलाय तुमचा. कसला आवाज येतोय त्यो?"

मागच्या रांगांतून पोरं ओरडत होती, "वन्स मोअर!" पुढच्या रांगेत कुणी हललं नाही. सयाजीरावांनी दोन्हीकडं बघितलं. लालासाब गळ्यात ॲकॉर्डियन अडकवून उभा राहिला होता.

"दुरुस्त तरी करून आणायचं की हो," सेक्रेटरी म्हणाले.

"आजच करून आणलंय," सयाजीराव म्हणाले, आणि कृष्णातला हातानं खूण केली: परत वाजव.