‘माघार’ हा शब्द खोडा

मी हेल्मेट बोलतोय, आणि गोड बोलायच्या मनःस्थितीत मुळीच नाही. माझा मालक रॉय केलर हा अमेरिकन मोटार-शर्यतपटू. त्याच्या नावापुढे एक खोटा शब्द छापलेला आहे. तो खोडायची संधी काल हुकली.

१९५० साली रॉयनं मला इंडियानात विकत घेतलं. सात वर्षं आम्ही मातीच्या ट्रॅकवर धूळ खाल्ली, चौदा शर्यती जिंकल्या. मग तिकडे हिवाळा असताना तो शर्यतीसाठी न्यूझीलंडला आला.

अकराव्या फेरीत पुढची गाडी उलटून पेटली. दुसऱ्या नंबरवरचा रॉय थांबला, आगीत घुसला आणि त्यानं ड्रायव्हरला ओढून बाहेर काढलं. माझी डावी बाजू करपली, रंगाला फोड आले. ड्रायव्हर शुद्धीवर न येताच चौथ्या दिवशी गेला. धुरामुळे बाकीच्यांना फक्त थांबलेली गाडी दिसली होती. वार्ताहर चहाच्या तंबूत होता. कुणालाही न विचारता त्यानं लिहिलं, ‘अमेरिकन घाबरला’. निकालात नोंद झाली: ‘माघार’.

त्यानंतर रॉयला कुणी गाडी दिली नाही. तो ऑकलंडमध्येच राहिला आणि लोकांच्या गाड्यांचं ऑइल बदलत म्हातारा झाला.

त्याची मुलगी हेलन आता सत्तरीची आहे, ऑकलंडच्याच बॉटनी डाउन्स भागात राहते. ती शर्यत भरवणारा मोटार क्लब आपल्या शर्यतींचा इतिहास छापतोय हे कळल्यावर तिनं शेजारच्या दीनानाथला गाठलं. तो पुण्याचा इंजिनिअर, जुन्या गाड्यांचा वेडा. त्यानं क्लबला लिहिलं. उत्तर आलं, फोटो चालणार नाही, शनिवारी आमचा माणूस येईल. हेल्मेट भाजलेलं दिसलं तर नोंद बदलू. हेलननं मला दीनानाथच्या घरी ठेवलं.

शुक्रवारी खंडेनवमी होती. दीनानाथ ऑफिसात. सांगलीहून आलेले त्याचे सासरे धैर्यशीलराव, जन्मभर वर्कशॉपचे फोरमन, पूजेसाठी घरातली हत्यारं गोळा करत होते. ड्रिल, पाने, जावयाचा लॅपटॉप, आणि मी.

संध्याकाळी दीनानाथ दारातच थबकला.

“बाबा, हे काय केलंत?”

“अहो, काळंकुट्ट होतं. असलं ठेवतात का देवापुढे? आमच्याकडे गंजका पानासुद्धा चालायचा नाही. पॉलिश पेपर मारला, लाल रंगाचे दोन हात दिले. नवं दिसतंय की नाही?”

“आजोबा, दॅट वॉज द एव्हिडन्स,” नात श्रिया म्हणाली.

“काय म्हणते ही?”

“पुरावा होता म्हणते,” दीनानाथ खाली बसला.

धैर्यशीलरावांच्या हातातलं कुंकू हातातच राहिलं.

शनिवारी क्लबचा माणूस आला. दीनानाथनं परोपरीनं सांगितलं, श्रियानं जुना फोटो दाखवला. त्यानं मला एकदा फिरवलं, “स्वीट अ‍ॅज,” म्हणजे इकडच्या बोलीत ‘झकास’, म्हणाला आणि चहा पिऊन गेला. हेलन कुणावर रागावली नाही. त्याचाही मला राग आला.

माझ्या आतलं कातडं मात्र कुणी घासलेलं नाही. त्यात अजून धूर आहे, डाव्या कानाशी ते करपून कडक झालंय. आत डोकवायचं कुणालाच सुचत नाही. पुस्तक छापायला अजून नऊ दिवस आहेत. हळदीकुंकू पुरे झालं, कुणीतरी मला उलटं करा आणि आत बघा.