बाजा घरी ठेवून

"मास्तर, जॅकेट घाला. नवरदेव घोड्यावर बसायला आलाय," किशनराव दारातूनच म्हणाले.

शांतवनच्या गालावर अजून साबणाचा फेस होता. "आज न्हाई जमायचं, मालक. म्या आधीच सांगितलं व्हतं."

"सांगितलंस, पन मला वाटलं मस्करी करून राहिलास."

किशनरावांच्या बँडमध्ये शांतवन सगळ्यांत पुढे उभा राहून क्लॅरनेट वाजवायचा. त्याचा पहिला सूर निघाल्याशिवाय अहमदपुरातली वरात हलत नसे.

"देव काय दुपारच्या एस्टीनं चाललाय का?" किशनराव म्हणाले. "पुढल्या ऐतवारी भेट की त्याला."

"चालला न्हाई, येऊन राहिलाय. नाताळाच्या आधी आगमनाचे चार ऐतवार असतेत आमचे. पहिला तुमच्या वरातीत गेला."

"हे बघ, उमरीचा सोमेश आणून ठेवलाय. एकदा म्होरं उभा केला की त्याला मागं सारायचा न्हाई मी. तू मग ढोलापाशी उभा ऱ्हा जन्मभर."

शांतवनने वस्तरा धुतला. "ऱ्हाईन."

सोनेरी गोंड्यांचं जॅकेट काखेत मारून किशनराव निघून गेले.

"म्होरची जागा गेली की हो," त्याची बायको सिंधु चुलीपासून म्हणाली.

"त्या जागेपायी माझं तोंड गेलंय, त्याचं काय?"

हा महिना त्याचे ओठ सुजवूनच जायचा. सकाळी वरात, दुपारी वरात, संध्याकाळी चर्चच्या मंडळीबरोबर घरोघर नाताळची गाणी. सगळीकडे बाजा ओठांत. पेटीवाला वाजवता वाजवता गातो, ढोलकीवाला गातो. फुंकणाऱ्याला ते सुख नाही. लोक 'आमेन' म्हणत तेव्हाही तो पुढच्या गीतासाठी जिभेवर बाजाची पत्ती ओली करत असायचा. सगळ्या गावाचा आनंद त्याने फुंकला होता. देवाशी स्वतःच्या तोंडाने मात्र बोलला नव्हता.

"म्या आज गाणार," तो म्हणाला.

"गाणार? तुमी?" सिंधुला हसू आवरेना. "इतक्या वर्सांत घोरनं तेवढं ऐकलंय तुमचं."

चर्चच्या पायरीवर पाळकसाहेब घाईत भेटले. "बरं झालं आलात. कीबोर्डवाली सृष्टी परीक्षेला लातूरला गेलीय. पळत जा आणि बाजा आणा."

"न्हाई, साहेब."

"अहो, देवाची सेवा आहे."

"लई केली वाजवून. आज नुसता बसतो."

"आणि मंडळीनं गायचं कसं?"

"माझ्यासंगं. मलाबी येत न्हाई."

तो सिंधुशेजारी बाकावर बसला. आगमनाच्या दुसऱ्या ऐतवाराची दुसरी मेणबत्ती लागली. पाळकसाहेबांनी डोळे मिटायला सांगितले, तेवढ्यात रस्त्यावरून वरात आली. सोमेश वाजवत होता, आणि चांगलं वाजवत होता. शांतवनची बोटं मांडीवर आपोआप उठली. त्याने ती एकमेकांत गुंतवून घट्ट धरली. सोमेशने वरचा सूर असा अलगद सोडला, की बाहेर असता तर शांतवननेच मान डोलावली असती. आपली जागा आता परत मिळायची नाही, हे त्याला तिथंच कळलं.

वरात लांब गेली. मंडळी उभी राहिली आणि जुन्या बायांनी जात्यावर बांधलेलं आगमनाचं गीत सुरू झालं:

ये गा येशूराया, माझ्या दाराला न्हाई कडी,
थंडीत उभा नको, आत घोंगडीची घडी.

शांतवनचा आवाज कोरड्या रहाटासारखा करकरला. पुढच्या बाकावरच्या पोरी तोंडाला ओढणी लावून हसल्या. सिंधुने त्याच्याकडे पाहिलं, तिलाही हसू येत होतं. मग ते थांबलं. दुसरं कडवं तो आणखी मोठ्याने म्हणाला. सूर खाली पडत होता, शब्द मागे राहत होते, आणि आत कितीतरी दिवसांचं ढवळलेलं पाणी निवळत होतं.

उभ्या गावाला ताल देणारा माणूस आज मंडळीच्या अर्धी ओळ मागे होता. सगळ्यांचं गाऊन झालं, त्याचं उरलं होतं. पाळकसाहेबांनी बायबल उघडलं, वर पाहिलं, आणि पानावर बोट ठेवून थांबले.

कोणी खाली बसलं नाही. शांतवन डोळे मिटून शेवटची ओळ म्हणत होता, सावकाश.